शेवटचा रकाना

समईची वात सारखी आत सरकत होती. संध्याकाळी दिवा लावला की दहा मिनिटांत ज्योत तेलात बुडून विझायची आणि शैलाताई देवघरातून हाक मारायच्या, "अहो, तुमच्या त्या इंटरनेटला विचारा ना एकदाचं!"

एका संध्याकाळी रमाकांत वालावलकर खरोखरच चष्मा लावून बसले. 'समईची वात आत सरकते, काय करावे' असं त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. आधी अठरा समयांच्या जाहिराती आल्या. मग 'समई म्हणजे काय' हे सांगणारं एक पान आलं. त्याखाली 'समईची वात सरकण्याची अकरा कारणे' होती. त्यातलं पहिलं कारण 'वात आपल्या जागेवरून हलणे' हे होतं आणि अकरावं 'इतर कारणे'. आणखी एका पानानं 'या लेखात आपण सविस्तर जाणून घेणार आहोत' असं तीनदा बजावलं आणि शेवटी तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगितलं.

"पाऊण तास झाला," शैलाताई म्हणाल्या. "काय म्हणतंय?"

"समई दक्षिण भारतात फार लोकप्रिय आहे, म्हणतंय."

"मग काय, दक्षिणेत जाऊन दिवा लावू?"

रमाकांत ओशाळून हसले. दोष आपलाच असणार, आपल्याला नीट विचारता येत नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. जन्मभर त्यांना असंच वाटत आलं होतं.

खरं तर यात दोष त्यांचा नव्हता. २०३७ साल होतं, आणि इंटरनेटवर शोधून काही उपयोगाचं हाती लागणं जवळजवळ बंद झालं होतं. पानं कमी झाली नव्हती, उलट वाढली होती, भरमसाट. पण त्यातली बहुतेक यंत्रांनी लिहिलेली होती. एका यंत्रानं लिहायचं, दुसऱ्यानं ते वाचून फिरवून लिहायचं, तिसऱ्यानं त्या दोघांची बेरीज करायची. मूळ माणूस, ज्यानं कधीतरी खरीखुरी वात वळली होती, तो या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी दबून गेला होता.

रमाकांतांना याचं दुःख इतरांहून थोडं जास्त होतं, कारण लोकांना उत्तरं शोधून देणं हाच त्यांचा पेशा होता. कुडाळच्या आबा सामंत वाचनालयात ते एकतीस वर्षं संदर्भ विभागाच्या टेबलाशी बसले होते. लोक यायचे आणि काहीही विचारायचे. काजूच्या बोंडाचा डाग कशानं जातो, सात-बारावर आईचं नाव कसं चढवतात, विहिरीचं पाणी लाल का झालं. रमाकांत मान खाली घालूनच ऐकायचे, एकदोन गोष्टी उलट विचारायचे, कपाटांतून हिंडायचे आणि एका कागदावर सुवाच्य अक्षरात उत्तर लिहून द्यायचे.

पण त्या वाचनालयाची एक रीत होती. ती संस्थापक आबा सामंतांनी घालून दिली होती. प्रत्येक विचारणा एका मोठ्या वहीत उतरवायची. तारीख, नाव, प्रश्न, दिलेलं उत्तर, कुठल्या पुस्तकातून दिलं ते, आणि सगळ्यांत शेवटी एक अरुंद रकाना, 'उपयोग'. हा रकाना मोकळा सोडायचा. माणूस परत येऊन 'झाला' म्हणाला तर तिथे तांबड्या शाईनं बरोबरची खूण करायची. 'नाही' म्हणाला तर फुली, आणि पुढे का नाही ते. माणूस आलाच नाही तर ग्रंथपालानं रविवारी सायकल काढायची आणि घरी जाऊन विचारायचं.

रमाकांतांना या रविवारांची धास्ती वाटे. कुणाच्या अंगणात उभं राहायचं, घसा खाकरायचा आणि "उपयोग झाला का?" असं विचारायचं म्हणजे त्यांना घाम फुटायचा. तरीही ते जात. आपण दिलेल्या उत्तरांपैकी निदान तिसरा हिस्सा वाया जातो, हे त्यांना त्या रकान्यानं शिकवलं. त्यांच्या स्वभावातल्या शंकेला त्यामुळे कायमचं खतपाणी मिळालं.

समईच्या त्या संध्याकाळनंतर महिन्याभरानं केतकी म्हापणकर त्यांच्या दाराशी उभी राहिली.

"सर, ओळखलं नाही ना?" ती म्हणाली. "मी दहा वर्षांची असताना तुम्हाला विचारलं होतं, कढीपत्त्यावरची अळी बरणीत ठेवली तर फुलपाखरू होईपर्यंत तिला काय खायला घालू. तुम्ही तीन आठवड्यांनी आमच्या घरी आलात."

"झालं होतं का?" रमाकांतांनी चटकन विचारलं.

"अळी मेली. बरणीला भोकं पाडायची असतात, हे तुम्ही लिहिलंच नव्हतं. तुम्ही आमच्या ओसरीवर बसून माझी माफी मागितलीत आणि वहीत फुली मारलीत. सर, माझ्या आयुष्यात मोठ्या माणसानं माझी माफी मागितल्याची ती पहिली वेळ."

शैलाताईंनी आतून विचारलं, "आणि शेवटची का?"

"जवळजवळ," केतकी हसून म्हणाली.

ती आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती. तिला वाचनालयाच्या त्या वहीचे सगळे खंड हवे होते, बासष्टच्या बासष्ट. कशासाठी, हे तिनं चहा निवेपर्यंत समजावलं. रमाकांतांनी ते नंतर अनेकदा मनात घोळवलं, इतकं ते त्यांना सुंदर वाटलं.

"शोधयंत्राला काय दिसतं, सर? तुम्ही कुठल्या पानावर टिचकी मारली, तिथे किती वेळ थांबलात, एवढंच. तुम्ही दारातून आत गेलात हे त्याला कळतं. बाहेर पडल्यावर तुमची समई पेटली की विझली, हे कधीच कळत नाही. मग ते धरून चालतं की ज्या दारातून जास्त माणसं आत गेली ते घर चांगलं. झालं, लोकांनी नुसती दारं बांधली. पुढे यंत्रं आली, त्यांनी कोट्यवधी दारं बांधली. आत घरच नाही."

"मग तुमचं यंत्र काय करणार?"

"ते तुमच्याकडून शिकणार. सदतीस हजार प्रश्न आहेत या वह्यांत. त्यातल्या सतरा हजारांपुढे खूण किंवा फुली आहे. उत्तर दिल्यानंतर प्रत्यक्ष काय झालं, याची इतकी मोठी नोंद मला जगात दुसरीकडे सापडलेली नाही. कामी येणारं उत्तर आणि नुसतं कामी येईलसं दिसणारं उत्तर यांत फरक काय असतो, हे यंत्राला या सतरा हजारांवरून शिकवायचं. तो फरक शब्दांत मलाही सांगता येणार नाही. पण तो आहे. मी थोड्या वह्यांवर करून पाहिलंय."

"पण माझ्या चुका कितीतरी असतील त्यात."

"म्हणूनच तर हव्यात!"

वर्षभरात 'पडताळा' आला, केतकीचं यंत्र. त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही, पण लोकांनी तो एकमेकांना सांगितला. रमाकांतांनी पहिला प्रश्न विचारला तो अर्थात समईचा.

पडताळ्यानं एकही जाहिरात दाखवली नाही. त्यानं उलट विचारलं, "वात दुकानातली की घरी वळलेली? समई किती जुनी?" हे उलट विचारणं रमाकांतांचंच होतं. दुकानातली, आणि लग्नातली, असं त्यांनी लिहिलं. उत्तर चार ओळींत आलं: "दुकानातली वात बारीक असते. दोन वाती एकत्र वळून लावा. तरीही सरकली तर समईची खाच झिजली असेल, मग वाती बदलून उपयोग नाही, तांबटाकडे न्या. आठ दिवसांनी मी पुन्हा विचारेन."

आठ दिवसांनी फोन वाजला तेव्हा रमाकांत बाहेर होते. शैलाताईंनीच उत्तर दिलं आणि ते आल्यावर सांगितलं, "तुमचा तो पडताळा चौकशी करत होता. झाला उपयोग, म्हटलं मी."

रमाकांतांचा ऊर भरून आला. आबांनी आखलेला तो अरुंद रकाना आता लाखो फोनांत होता. यंत्र सायकल काढून घरोघर जात होतं, आणि त्याला घाम फुटत नव्हता. ही पोरं किती मोठी आहेत, असं त्यांना वाटलं. आपण ज्याला भीत आलो, ते त्यांनी यंत्राचा स्वभावच करून टाकलं.

पुढच्या श्रावणात केतकीचा फोन आला. तिचा आवाज आनंदानं चढला होता.

"सर, ओळखा बघू, आयांचा पडताळ्याला सगळ्यांत जास्त प्रश्न कुठला? मुलाला अक्षरं दिसतात पण वाचता येत नाही, काय करू. साठ हजार आयांनी विचारलं! आणि यंत्र उत्तर देतं ते तुमचं. ऑगस्ट २००५, खंड बत्तीस. रेतीत बोटानं अक्षर गिरवायचं, गिरवताना मोठ्यानं म्हणायचं. या विषयावर वहीत तेवढी एकच लाल खूण आहे. बाकी सात ओळींत फुल्या किंवा मोकळं."

रमाकांतांनी चष्मा काढून हातात धरला.

"सर? आहात ना?"

"आहे," ते म्हणाले. "त्या खुणेवर यंत्राचा विश्वास किती?"

"पूर्ण. वहीतल्या खुणा म्हणजे पाया. पायावर ते शंका घेत नाही."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ झोपाळ्यावर बसून राहिले. झोपाळा हलत नव्हता. शैलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही."

"बाई आहे का त्यात?"

"आहे."

शैलाताई पदर सावरून समोर बसल्या. "बोला."

२००५ च्या त्या पावसाळ्यात नेरूरच्या इंदुमती गावडे वाचनालयात आल्या होत्या. बत्तिशीच्या असतील. पाटी-दप्तर उराशी धरून त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा संदेश पाढे घडाघडा म्हणे, गोष्टी पाठ सांगे, पण पुस्तक उघडलं की 'घ'चा 'ध' करी आणि 'म'चा 'भ'. मास्तर त्याला ठोंब्या म्हणत. पुढच्या वर्षी शाळेतून काढून काजूच्या कारखान्यात लावा, असं घरचे म्हणत होते. रमाकांतांनी आठ दिवस खपून एका इंग्रजी पुस्तकातून रेतीचा उपाय काढला आणि दोन पानी कागद लिहून दिला. बाई परत आल्या नाहीत. दोन रविवार रमाकांत सायकलवरून नेरूरच्या वाटेला लागले आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परतले. तो मुलगा कारखान्यात दिसला तर? मग डिसेंबरात त्यांना बाई कुडाळच्या बाजारात दिसल्या. माशांच्या टोपलीपाशी उभ्या राहून त्या खळखळून हसत होत्या. रमाकांत जवळ गेले नाहीत. वाचनालयात आले, तांबडी दौत उघडली आणि खूण करून टाकली.

"एवढंच?" शैलाताई म्हणाल्या.

"सदतीस हजारांत एकच खूण खोटी आहे, शैला. मी न विचारता केलेली. आणि आज साठ हजार पोरं तिच्यावर बोट गिरवतायत. नसेल जमत तर? त्यांनाही कुणी ठोंब्या म्हणत असेल. आया म्हणत असतील, एवढ्या हुशार यंत्राचा उपाय लागू पडेना म्हणजे पोरातच खोट आहे."

शैलाताई म्हणाल्या, "नेरूर काही लंडनला नाही. सकाळी नऊची एस.टी. आहे."

"तेहेतीस वर्षांनी जाऊन काय विचारू?"

"जे तेव्हा विचारायचं होतं तेच."

नेरूरला इंदुमतींचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात वालीच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. पासष्टीच्या एक ठेंगण्या बाई सुपात काहीतरी पाखडत होत्या. रमाकांत फाटकाशी उभे राहिले आणि घसा खाकरला. घाम फुटला. सगळं तसंच होतं, फक्त सायकल नव्हती.

"कोण ओ?" बाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग सूप खाली ठेवलं. "अगो बाय! वाचनालयातले सर! येवा, येवा. माझ्याकडे पुस्तक रवला काय तुमचा?"

"नाही, नाही. पुस्तक नाही. तुम्ही एक प्रश्न विचारला होता. संदेशचा."

"आठवता माका." बाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "त्याचा आता काय?"

रमाकांतांनी पाण्याचा घोट घेतला. "उपयोग झाला का?"

इंदुमती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. एवढ्या वयाची बाई, पण शाळकरी मुलीसारखी खाली बघत होती.

"नाय झालो," त्या शेवटी म्हणाल्या. "चार म्हयने केलंय मी. रोज. रेतीत काढी, पुसली की गेला. माझ्या पोराच्या डोक्यातलाय पुसला जाय. शेवटी रेती बघितली की रडूक लागे."

"मग तुम्ही सांगायला का आला नाहीत?"

"खंयच्या तोंडान सांगू? तुमी आठ दिवस इंग्रजी बुका बघून लिवन दिलात. माका वाटला, सरांचा बरोबर आसतला, माझ्या पोराचाच डोक्या कमी. त्या काय वाचनालयात येवन सगळ्यांसमोर सांगू?"

रमाकांतांनी मान हलवली. साठ हजार अंगणं त्यांना एकदम दिसली, आणि प्रत्येक अंगणात पदर गुंडाळणारी एकेक बाई.

"मी तुम्हाला बाजारात हसताना पाहिलं होतं," ते म्हणाले. "त्यावरून धरून चाललो, की झाला."

"बाजारात? हसतंय तर मी नेहमीच. त्या दिसा माझो घोव, संदेशाचो बापूस, घसरान मासळीच्या टोपलीत बसलो आसतलो." बाई हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "पण सर, पोरगो वाचूक शिकलो हां. कारखान्यात नाय घातलंय त्याका."

रमाकांत चमकून वर पाहू लागले.

"पुढल्या चतुर्थीक मोदकांची उकड मळी होतंय. ह्यो बाजूक बसान रडी होतो. गप बसूसाठी हातात उकडीचो गोळो दिलंय आणि म्हटलंय, चल, तुझो तो मेलो 'घ' कर. त्यान केल्यान. मग मीच म्हटलंय, आता डोळे मीट आणि चाचप. हातात फिरव. उलटो कर, सुलटो कर. काय असा? तर म्हणालो, आये, ह्यो कसोय धरलो तरी 'घ'च लागता." बाईंनी रिकाम्या हातात एक अदृश्य अक्षर फिरवून दाखवलं. "रेतीतला अक्षर हातात धरूक येणा नाय ना, सर. ह्या धरूक येय. बरोबर सांगितल्यान की खावन टाकायचा. दोन वर्सां रोज उकड केलंय. सासू म्हणा, तांदूळ खंयसून हाडतलस? पण 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरां पोटात गेली त्याच्या."

"आणि आता?"

"एस.टी.वर ड्रायव्हर असा. सावकाश वाचता, पण पाटी वाचता, पेपर वाचता. त्याच्या पोरीकय तसाच होता. तिकाय उकडीवर शिकवलंय."

रमाकांतांना त्या बाईंच्या पायांना हात लावावासा वाटला. लाजेनं त्यांनी तसं केलं नाही. आपण आठ दिवस कपाटं धुंडाळली आणि या बाईनं चुलीपुढे बसून, कुणी न सांगता, आधी उपाय करून पाहिला, तो चुकल्याचं ओळखलं, का चुकला ते शोधलं आणि नवा घडवला. विज्ञान आणखी वेगळं काय असतं?

त्यांनी पिशवीतून कागद काढला. "मी हे तुमच्या नावानं लिहितो. आणि पुढे खूण करतो. ही खूण तरी खरी असेल."

"रवा ओ!" इंदुमतींनी त्यांचा हातच धरला. "माझ्या झिलाक लागू पडला आणि नातीक. एकाच घरातली दोघां. दुसऱ्याच्या पोराक पडतला काय, ता माका काय ठावक? ता मोकळाच ठेवा."

परतीच्या एस.टी.त रमाकांतांनी खिडकीतून काहीच पाहिलं नाही. घरी पोचताच त्यांनी केतकीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. खोटी खूण, बाजार, रेती, उकड. तिचा आदर आता संपला, असं ते धरूनच चालले होते.

"थांबा सर," केतकी म्हणाली. "त्या उत्तराला आठ दिवसांनी आम्ही विचारतो तेव्हा ऐंशी टक्क्यांच्या वर आया 'झाला' म्हणतात. मग ते चूक कसं?"

"किती जणी उत्तर देतात?"

तिनं पाहिलं. "साठ हजारांपैकी अकरा हजार."

"आणि बाकीच्या?"

"त्या काही बोलत नाहीत. कामात असतील, विसरल्या असतील. न बोललेल्यांना आम्ही मोजत नाही."

"केतकी," रमाकांत म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात शंका नव्हती, "मला दुसरं काही फारसं येत नाही, पण गप्प बसणं चांगलं कळतं. ज्याचं काम झालं तो सांगायला येतो, पेढे घेऊन येतो. ज्याचं झालं नाही त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तो गल्ली बदलून जातो. त्या विसरल्या नाहीत. त्या गप्प आहेत."



"सर," केतकी हळूच म्हणाली, "म्हणजे मोकळा रकाना हा मोकळा नसतोच. आणि आम्ही वहीतले वीस हजार मोकळे रकाने बाजूला काढून टाकले."

पुढचे तीन आठवडे तिच्या संस्थेतल्या माणसांनी गप्प राहिलेल्या चारशे आयांना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि यंत्राकडून नव्हे, स्वतः फोन करून, काहींच्या घरी जाऊन विचारलं. चारशेंतल्या दोनशे एकाहत्तर जणींनी आढेवेढे घेत सांगितलं, नाही झाला. रेतीच्या उत्तरापुढची लाल खूण पुसली गेली. बत्तिसाव्या खंडात रमाकांतांनी स्वतःच्या हातानं तिच्यावर फुली मारली आणि समासात लिहिलं, 'खूण मी न विचारता केली होती. रेतीतलं अक्षर हातात धरता येत नाही.' पडताळ्यात उकडीचा उपाय इंदुमती गावडे, नेरूर, यांच्या नावानं गेला आणि त्यापुढचा रकाना त्यांनी सांगितल्याप्रमाणे मोकळा राहिला. आता प्रत्येक उत्तराखाली किती जण गप्प राहिले, तेही दिसू लागलं.

आणखी एक बदल केतकीनं रमाकांतांवर सोपवला. पडताळा आठ दिवसांनी पुन्हा विचारतो तेव्हा सुरुवातीला एक वाक्य म्हणावं, म्हणजे 'नाही' म्हणणं सोपं जाईल. ते वाक्य त्यांनी लिहावं. रमाकांतांनी त्यासाठी चार दिवस घेतले, सतरा कागद फाडले आणि शेवटी तेहेतीस वर्षांपूर्वी अर्ध्या वाटेतून परतताना जे म्हणायचं राहिलं होतं तेच लिहून पाठवलं.

दिवाळीच्या आधी परभणीच्या एका आईचं उत्तर आलं. केतकीनं ते त्यांना वाचून दाखवलं: 'नाही जमलं. आमच्याकडं उकड चिकट होते, मुलाला किळस येते. मग गव्हाची कणीक घेतली. 'ग' आणि 'म' आता येतात. पुढचं कळवते.'

"फुली आली, सर," केतकी म्हणाली.

"काय सुंदर फुली आहे," रमाकांत म्हणाले.

त्या संध्याकाळी शैलाताईंच्या फोनवर पडताळा बोलला. जुन्या उत्तरांचीही तो नव्यानं चौकशी करत होता. देवघरातून रमाकांतांना आपलंच वाक्य ऐकू आलं, यंत्राच्या संथ आवाजात: "मी दिलेलं उत्तर लागू पडलं नसेल तर चूक माझी आहे, तुमची नाही. समईच्या वातीचा उपयोग झाला का?"

शैलाताईंनी एकदा समईकडे पाहिलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "दोन वाती वळल्या तरी सरकतेच, रोज मीच गुपचूप वर ओढते. मागच्या वेळी मी उगीच हो म्हटलं. एवढं मन लावून सांगितलंत, नाही कसं म्हणायचं, असं झालं."

रमाकांत उठले. समई देवघरातच होती, वात पुन्हा तेलात बुडालेली. त्यांनी तेल वाटीत काढलं, समई जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळली आणि बगलेत धरली.

"आता कुठे निघालात?"

"तांबटाकडे. त्याच्या उत्तरात पुढे तसं लिहिलं होतं," रमाकांत म्हणाले. "आणि शैला, दुरुस्त होऊन आली की आठ दिवस थांबून मग सांग. काय असेल ते सांग."